माझ्या घोडीची चाल

नेटवाल्याने मला फसवलं. तापलेल्या राउटरचा जळकट वास आला की सारंगखेड्यातली ती सकाळ आठवते. यात्रेचे दिवस होते, तापीवरून गार वारा येत होता आणि गुजरातचा एक व्यापारी तिकडे बसून, माझ्या लॅपटॉपवरून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर, माझ्या घोडीची चाल बघत होता. वायफाय इतकं मंद की चित्र अडकत, धक्के खात पुढे सरकायचं. “सेठ, घोडी लंगडा रही है,” म्हणत त्याने कॉल तोडला आणि यात्रेतल्या ओळखीच्यांना फोन करून तेच बाजारभर पसरवलं. नेटवाल्याला बोलावलं, तर म्हणे, “दादा, तुमना लॅपटॉप म्हातारा व्हयी गया.” मी म्हटलं, “मी घोडाना दात देखीसन वय सांगस, माले नको शिकाडू.” लॅपटॉप राउटरला खेटून ठेवला, तरी तेच. शेवटी रागाने राउटरची पिन उपटली, तसे शेजारच्या लॉजमधून पाचसहा जण बाहेर आले. “नेट कोनी बंद कयं?” माझा पासवर्ड नेटवाल्याने लॉजभर वाटला होता. घोडी अखेर लंगडी म्हणूनच विकली गेली. आज माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे, पण राग तोच आहे. त्या नेटवाल्याने भर घोडेबाजारात, त्या व्यापाऱ्यासमोर उभं राहून सांगावं, की माझ्या घोडीचे चारही पाय धड होते.