कपाटातलं इरलं

मी गाव सोडलं तेव्हा आई एसटीपर्यंत आली होती. चंदगडचा पाऊस. तिनं पाठीवरचं इरलं काढून माझ्या ट्रंकेवर घातलं आणि स्वतः भिजत उभी राहिली. वह्या भिजल्या तर शिकशील कशावर, एवढंच म्हणाली. गाडी सुटली तशी इरलं परत पाठीवर घेऊन शेताच्या वाटेला लागली.

गावी राहिलेल्यांना इरलं सांगायला नको. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांच्या मुलांसाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांत पानं भरून विणलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. वाकून भात लावताना दोन्ही हात मोकळे राहतात.

कोल्हापुरात कॉलेजात सुरुवातीला मी कुणाशी बोलत नसे. तोंड उघडलं की मुलं हसत. शाहूपुरीतल्या एकानं भर वर्गात विचारलं, "काय पावणं, चंदगडात माणसं हाईत की नुसत्या जळवा?" मग मी ग्रंथालयाचा कोपरा धरला. ग्रंथपालांनी ते पाहिलं असावं. त्यांनी दाराजवळचं काचेचं कपाट रिकामं केलं आणि बाहेरगावच्या मुलांना आपापल्या घरची एकेक वस्तू मांडायला सांगितली. मी घरी पत्र टाकलं, इरलं पाठवा, चांगलं बघून.

एसटीच्या टपावरून आलं ते आईचंच होतं.

मी ते पाठीवर घेऊन लावणी कशी करतात ते सगळ्यांना वाकून दाखवलं. मुलं पुढं सरकून बघत होती. जळवांवाल्यानं स्वतःच्या पाठीवर घालून पाहिलं आणि त्या दिवसापासून तो मला शेजारी बसवू लागला. कपाटात इरल्याखाली चिठ्ठी होती, माझं नाव आणि गाव.

काही दिवसांनी ग्रंथपाल म्हणाले, "लावणीचे दिवस आहेत. घरी लागत असेल तर पाठवून द्या."

"दुसरं आहे, सर."

दुसरं नव्हतं. इरली पावसाआधी विणून घेतात. आषाढात विणणाराही स्वतःच्या चिखलात असतो. हे मला ठाऊक होतं. पण इरल्याबरोबर माझं नावही कपाटातून निघालं असतं.

आईनं पोत्याची खोळ घेऊन लावणी केली. पोतं भिजतं आणि ओलंच राहतं. श्रावणात तिला ताप आला, खोकला छातीत उतरला. दसऱ्याआधी ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

माझे वडील, आप्पा, रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीकडे बघत म्हणाले, "मी येणार हुतो इरलं न्यायला. तिनंच अडवलं. म्हणाली, पोराला तितं कुटं आता बसाय जागा गावलीया, काढू नगा."

आता मी पुण्यात ग्रंथपाल आहे. नव्या मुलांसाठी मीही कपाट मांडतो. त्यामुळे बुजरी मुलं बोलू लागतात, हे खरं आहे. वस्तू घेताना विचारतो, घरी कुणाला लागते का. सगळी नाही म्हणतात. मी त्यावर विश्वास ठेवत नाही, आठवड्यात वस्तू परत पाठवतो.

भाऊ दर वर्षी लावणीला बोलावतो. मी मे महिन्यात जातो आणि ढग दिसायच्या आत परततो. घर म्हणजे मला आता तेवढेच कोरडे दिवस उरलेत. माझ्या मुलांनी गाव पाहिलं ते तापलेलं, भेगाळलेलं. परवा धाकटीनं विचारलं, "बाबा, आपल्या गावी पाऊस पडतच नाही का?"

मी म्हणालो, फार नाही.