पुजलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मी आंघोळीला जातो. आंघोळ उरकून, देवाला फूल वाहून, चहा घेऊन बाहेर येईपर्यंत पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं. मग मी पेपर वाचतो. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, पुढची तारीख घेऊन घरी यायची सवय आहे, त्यामुळे हे असंच जन्मभर चाललं असतं. पण सईची, माझ्या मुलीची, मुलाखत ठरली. पुण्याची कंपनी, मुलाखत ऑनलाइन, शक्यतो कॉम्प्युटरसमोर बसा असा निरोप. शिक्षण संपल्यापासून पोरगी अशा एका बोलावण्याची वाट बघत होती. सरावासाठी तिनं मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर पडद्यावर ती तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठली. मैत्रिणीनं त्या अवस्थेचा फोटो काढून जुन्या वर्गातल्या सगळ्यांना पाठवला. सईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला बघवेना, आणि कॉम्प्युटर फास्ट करायचं मी मनावर घेतलं. (मी एखादी गोष्ट मनावर घेतली की आमच्या घरात आधी काचेचं सामान वर ठेवतात.)

नको असलेल्या फायली काढून टाका, असं सगळेच सांगत होते. मी एक रविवार खर्ची घातला आणि ज्यांची नावं मला कळत नव्हती त्या फायली काढल्या. मला न कळणारं म्हणजे जवळजवळ सगळंच. संध्याकाळी कॉम्प्युटर तितकाच हळू होता, पण आता मुका झाला होता. आवाज सईनं कसाबसा परत आणला. मग मी एक अँटिव्हायरस घातला, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा. त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांना पकडलं. माझ्या बायकोनं, मंगलनं, सरळ अण्णाला फोन केला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं उद्यमबागेत, म्हणजे आमच्या इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथचं वर्कशॉप आहे. जे फिरतं ते दुरुस्त होतं, एवढी एकच गोष्ट तो जाणतो आणि तेवढ्यावर त्यानं बंगला बांधलाय.

"मशीन म्हंजे मशीन रं," तो म्हणाला. "तापलं की दम खातंय. उघडून बघितलास काय कधी?"

उघडायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. स्कूटरवर दोन पायांत तो डबा धरून मी उद्यमबागेत गेलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, त्यामुळे वर्कशॉपमध्ये आधीच धुणं-पुसणं चालू होतं. अण्णानं झाकण काढलं, लांबून बेतानं कॉम्प्रेसरची हवा मारली आणि आम्ही सगळे काही वेळ दिसेनासे झालो. धूळ बसल्यावर बघतो तर खाली झुरळांचं एक एकत्र कुटुंब, सईचं हरवलेलं कानातलं आणि आमच्या मांजराचे केस. (मांजर जाऊन बरेच दिवस झाले. त्या दिवशी मला पुन्हा वाईट वाटलं.) पंख्याला तेलाचा थेंब सोडून, माझे दोन्ही अँटिव्हायरस काढायला लावून अण्णानं बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं आणि सवयीनं टॉवेल शोधायला वळलो, तोवर कॉम्प्युटर सुरू होऊन माझी वाट बघत होता.

घरी सईनं तो चालवून पाहिला आणि मला मिठी मारली. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची पूजा मी स्वतःच मांडली. आमच्याकडे या दिवशी घरातली हत्यारं-यंत्रं धुऊन पुसून पुजतात, आणि पुजलेलं यंत्र दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत चालवत नाहीत. दरवर्षी मी विळी, हातोडी आणि स्कूटर एवढ्यावर भागवतो. यंदा मधोमध कॉम्प्युटर ठेवला, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, पुढ्यात कोहळा ठेवला. उत्साहात इंटरनेटचा डबाही पुजला. शिवाय सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि बंद करून ओळीनं मांडले. आई कधी नव्हे ती माझ्यावर खूश झाली.

"यंदा मनापासून पूजा केलास बघ," ती म्हणाली.

तेवढ्यात सई इस्त्रीचा ड्रेस घालून बाहेर आली आणि पूजेकडे बघत उभी राहिली.

"बाबा, माझी मुलाखत आज चार वाजता आहे."

आता इथं मला न्याय मिळावा. मुलाखतीची तारीख मला पाठ होती. खंडेनवमीची तिथीही पाठ होती. दोन्ही एकाच दिवशी येतात हे तेवढं लक्षात आलं नव्हतं. शिवाय आज आपल्याकडे सुट्टी, तर पुण्यालाही असणार, असं मी धरून चाललो होतो.

मी आईसमोर बाजू मांडली. कॉम्प्युटर हे हत्यार नव्हे, असा मुद्दा घेतला. मग पुजलास कशाला, असं तिनं विचारलं. फ्रिज चालू आहे की, म्हटलं. तर तो पुजलेला नाही, म्हणाली. वर जांबोटीच्या तिच्या मामांचा दाखला दिला. त्यांनी खंडेनवमीला पुजलेला पॉवर टिलर सुरू केला होता आणि तो त्यांना घेऊन थेट ओढ्यात गेला होता. कोर्टातसुद्धा मी इतक्या लवकर हरत नाही. शेजाऱ्यांकडे धावलो, तर तिथला लॅपटॉप मखरात बसलेला. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेच्या शटरवर आंब्याची डहाळी. अण्णाच्या घरी गेलो, तर त्यानं मलाच सुनावलं.

"सगळं उद्यमबाग बंद हाय आज. तुझा कॉम्प्युटर काय लई शाना लागून गेला काय?"

परत आलो तर सई पाटावर गुपचूप बसली होती. आजीचं मन मोडून मी पूजेतलं काही उचलणार नाही, म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला माझ्या हौसेची खरोखर लाज वाटली.

आई उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिचा मोबाईल होता. चालू. कुंकवाचा ठिपका नसलेला.

"हा पुजले न्हाय मी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "संध्याकाळची मालिका चुकतीय. घे गं बाई."

उलटतपासणीला इतकी सुंदर संधी मला जन्मात मिळाली नव्हती. ती सोडून मी फोन टेकवायला आधार शोधू लागलो.

फोन सुरुवातीला कोहळ्याला टेकवून ठेवला, पण कोहळा गडगडला. मग सईच्या समोर फोन धरून मीच उभा राहिलो. हलायचं नाही, खोकायचं नाही, असा मंगलचा हुकूम होता. फोन जुना, आईसारखाच तापट. माझी बोटं भाजत होती. तरी सई छान बोलली. शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारलं, अडचणी निर्माण करणाऱ्या माणसाबरोबर काम करण्याचा तुम्हाला काही अनुभव आहे का?

सईनं क्षणभर वर माझ्याकडे पाहिलं.

"आहे मॅडम," ती म्हणाली. "आत्ता फोन धरून उभे आहेत."

मग तिनं पूजेची सगळी हकिकत सांगितली. पलीकडे इतकं हसू फुटलं की आईनं स्वयंपाकघरातून डोकावून मालिका लागली का म्हणून विचारलं.

सईला नोकरी लागली. लेकीच्या नोकरीत माझाही वाटा आहे, असं मी बार रूममध्ये सगळ्यांना सांगतो. वाटा कसला, हे विचारायला कुणी घरी आलंच, तर मी आंघोळीला जातो.