माझा आवाज मोठा, डॉक्टरांचा बारीक

आमच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत पॉडकास्ट सुरू करायची कल्पना माझी. मी जनसंपर्क बघतो, म्हणजे पाहुण्यांना चहा पाजतो आणि फलकांवरचं शुद्धलेखन सुधारतो. संचालकांच्या मागे लागून लागून मी त्यांना वात आणला, तेव्हा ते म्हणाले, "थोडे भाग करून बघा. लोकांनी ऐकलं तर चालू, नाहीतर बंद."

जागा मिळाली कानाच्या विभागात. तिथं काचेची खिडकी असलेली आवाजबंद खोली आहे. पेशंटला आत बसवून बारीकसारीक सूर ऐकवतात आणि श्रवण तपासतात. तिथल्या मॅडमनी दुपारच्या सुट्टीत ती खोली मला देऊन टाकली आणि स्वतः काचेपलीकडं डबा खात बसू लागल्या.

पहिल्या पाहुण्या आमच्याच डॉक्टर, शिरोळकडच्या. उसाच्या रानात उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर त्यांचं संशोधन. "माझी माणसं कागद वाचत न्हाईत," त्या म्हणाल्या, "पण फोनवर गाणी लावून रानातलं तण भांगलत्यात. पाणी कधी प्यायचं, एवढं तरी त्यांच्या कानावर जाऊ दे."

माझा माइक डाव्या बाजूला, त्यांचा उजव्या; म्हणजे हेडफोनमध्ये मी डाव्या कानात, त्या उजव्या. एडिटिंगही मीच करायचो, हेडफोन लावून. माझा आवाज मला कायम थोडा बारीक वाटायचा, म्हणून तो चढवायचो. पुन्हा ऐकायचो, पुन्हा चढवायचो. दोघं सारखे झाले की समाधानानं हात झटकायचो.

लोकांनी ऐकलं आणि दणके सुरू झाले. "तुम्ही भोंगा लावल्यागत बोलतासा, डॉक्टर विहिरीत पडल्यागत." मी म्हणायचो, तुमच्या फोनचा स्पीकरच तसला. शेवटी डॉक्टरच आवाजबंद खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"सर, कार्यक्रम तुमच्या सत्काराचा हाय का? माझ्या रानातल्या बायका विचारत्यात, त्यो बाबा गप कधी बसतो? मी न्हाय येणार आता."

मी दिलगिरी व्यक्त करायच्या ऐवजी हेडफोन पुढं केले. "ऐका की! अगदी सारखे आहेत."

काचेपलीकडच्या मॅडम डबा झाकून आत आल्या. म्हणाल्या, "सर, हेडफोन उलटे घाला. डावा उजवीकडं."

घातले. माझाच आवाज उजव्या कानात असा फुटला की मी खुर्चीतून उठलो. आणि डॉक्टर? त्या गायबच.

मग मॅडमनी मला त्याच खोलीत पेशंटच्या खुर्चीवर बसवलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी हुशार विद्यार्थ्यासारखा पटापट दाबत होतो. डाव्याची पाळी आली आणि मला वाटलं, मॅडम परत जेवायला गेल्या. काचेतून बघतो तर त्या सूर सोडतच होत्या.

कोल्हापुरात कान कमी झालेला कळतच नाही, सगळेच ओरडून बोलतात. बायको मात्र म्हणे कैक दिवस सांगत होती, कान दाखवून घ्या. ती जेवताना माझ्या डावीकडं बसते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मॅडमनी मला कानाच्या डॉक्टरांकडं धाडलं आणि एडिटिंग काढून घेतलं. मी समजलो, आपला खेळ संपला. पण हे कळल्यावर शिरोळच्या डॉक्टर परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मला वाटलं मिजास हाय. बहिरं हाईसा व्हय! मग तसं सांगायचं की." आणि खुर्ची ओढून माझ्या उजवीकडं बसल्या.

मॅडमनी जुना भाग नव्यानं जुळवला. डॉक्टरांचा आवाज वर आला, आणि त्यासोबत आजवर दबलेलंही वर आलं. माझा लांबलचक प्रश्न चालू असताना त्या आपल्या माइकपाशी पुटपुटत होत्या, "आता इचारतासा, का मी रानात जाऊन येऊ?"

डॉक्टर लाजल्या. मी मॅडमना ते काढून टाकायला सांगत होतो, तर त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझ्या बायकांना आवडंल."

संचालकांनी तो भाग केबिनमध्ये लावला. त्या पुटपुटण्यावर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग डॉक्टरांचं पाण्याबद्दलचं बोलणं त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं.

"चालू ठेवा," म्हणाले. "फक्त तुम्ही कमी बोला."

आता कानात यंत्र आहे, आणि इतर विभागांना पॉडकास्ट सुरू करायला मीच मदत करतो. मॅडमचे आभार मानायला गेलो की त्या म्हणतात, "थोडक्यात, सर. डबा गार होतोय."