बारावं घर आणि अर्जुनीचा मापारी

गोंदिया स्टेशनात गाडी बदलताना खेमराज म्हणाला, "ताई, एक गोष्ट आताच बोलून टाकतो. उद्या मामांच्या गावच्या मंडईत वाजवनं जमलं, तर नागपूरच्या कार्यक्रमात तुमीच. नाई जमलं, तर मी दुसरा गिटारवाला पाहून ठेवला आहे." एवढं बोलून तो पाण्याची बाटली आणायला गेला. मी गिटारची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

राग आला तरी तो खोटं बोलत नव्हता. मी मूळची साताऱ्याची, नोकरीपायी नागपुरात आलेली. चाळिशी उलटल्यावर गिटार शिकले आणि पाचजणांच्या आमच्या ब्लूज मंडळात शिरले. खेमराज माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण ड्रम त्याचे आणि मंडळही त्याचंच. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. ऐकायला सोपं आहे. एका घरात चार ठोके, अशी बारा घरं झाली की आवर्तन पुरं, मग पुन्हा पहिल्यापासून. संथ चालीत प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन बारीक मात्रा असतात, म्हणजे एका घरात बारा. पाचव्या घरात सूर बदलतो, सातव्यात परत येतो, नवव्यात पुन्हा हलतो. शेवटच्या दोन घरांत मात्र आम्ही वाजवतो त्या चालीत काहीच घडत नाही, नुसतं टिकून राहायचं असतं. तिथंच माझं घोडं पेंड खातं. मला ती रिकामी जागा सोसवत नाही. बारावं घर लागलं न लागलं तोच मी पहिल्यावर उडी मारते आणि बाकीचे चौघे माझ्यामागे धापा टाकत येतात. मागच्या कार्यक्रमात हे तीनदा झालं, आणि तिसऱ्यांदा लोक हसले. ते हसू माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

दक्षिणेकडे जाणारी गाडी सावकाश निघाली. दोन्ही बाजूंना कापलेले धान, मधूनच पुंजणे (धानाच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग) आणि दर दोन-चार मैलांवर एखादा तलाव. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले होते. समोरच्या आजोबांनी माझ्या पिशवीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे का आहे जी बाई?"

"गिटार आहे. मंडईत वाजवणार आहे."

"दंडारीत?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग नीट वाजवजा. आमच्या इकडचे लोक तोंडावर बोलतेत."

मी पिशवी जवळ ओढून घेतली.

दिवाळीनंतर इथं गावोगावी मंडई भरते. म्हणजे जत्रा आणि पाहुण्यांची वर्दळ, आणि भरदिवसा दंडार (नाचगाण्याचं इथलं लोकनाट्य). अर्जुनी मोरगावहून दुचाकीनं अर्ध्या तासावर खेमराजच्या मामांचं गाव. सुखराममामा दंडारीचे ढोलकवाले आणि गावचे मापारी, म्हणजे धान मोजून देणारे. वजनकाटे आले, तरी घरच्या वाटण्या अजून त्यांच्या पायलीनंच (धान मोजायच्या मापानं) होतात. आम्ही पोचलो तेव्हाही अंगणात नव्या धानाची रास पडली होती आणि ते उकिडवे बसून मोजत होते. आमच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"लाभ, लाभ, लाभ, लाभ," असं एका सुरात चाललं होतं. पायली भरून पोत्यात रिकामी झाली. मग "दोन, दोन, दोन, दोन." पुढची पायली पडेपर्यंत तोंडात तोच आकडा. इथं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

मामींनी हात धुवायला पाणी दिलं. गरम भात, वांग्याची भाजी आणि सुक्या झिंग्यांची लालभडक चटणी. "घ्या ना जी, लाजता कायले?" म्हणत त्या वाढत राहिल्या. चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं, पण उद्याच्या धास्तीत तेही बरंच वाटलं.

दुपारी अंगणात तालीम झाली. मंडईत मंडळातली मी एकटीच वाजवणार होते, साथीला मामांचा ढोलक. त्यांनी दादरा धरला. दादऱ्याच्या सहा मात्रा, दोन दादरे म्हणजे माझं एक घर. हे त्यांनी एकदा ऐकूनच ओळखलं, मला समजायला वर्ष लागलं होतं. आणि मी सवयीप्रमाणे बाराव्या घरातून निसटले. मामांचा हात थांबला.

"काऊन जी बाई, एवढी घाई कायले करून राहिल्या?"

"पुढे काही वाजवायचंच नसतं तिथं."

"वाजवाचं नाई, पन माप तं भराचं आहे ना! माप भरल्याबिगर पुढचा आकडा नाई म्हनाचा. अर्धी पायली ओतून पुरी म्हनाल तं लोक मले गावात राहू देतील का?"

मग त्यांनी मला त्यांच्या पद्धतीनं मोजायला लावलं. प्रत्येक ठोक्याला त्या घराचाच आकडा. लाभ-लाभ-लाभ-लाभ, दोन-दोन-दोन-दोन. घर भरेपर्यंत जीभ त्या आकड्याला बांधलेली. मी अकरापर्यंत आले, बारा चार वेळा म्हटलं, आणि पहिल्यांदाच घर पुरं झालं. आनंदानं मी पहिल्या सुरावर आले, तर मामा ढोलकावर डोळे मिटून म्हणत होते, "तेरा, तेरा, तेरा, तेरा."

"मामा, बारावर परत फिरायचं!"

"बारावर? आमची खंडी वीस पायल्याइची रायते. ते भरल्यावरच पुन्हा लाभ."

खेमराज हसून हसून लोळला. मी हसले नाही. आजवर मी आधी फिरत होते, आता ढोलकच फिरायचा नाही. बारावरच थांबायचं असं तीनतीनदा ठरलं. मामांनी मान डोलावली, पण ती मान मला काही फारशी भरवशाची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मंडई दणक्यात भरली. उकडलेले शिंगाडे, ऊस, गुपचुप (आपली पाणीपुरी), कर्कश पिपाण्या. खेमराजनं शिंगाडे आणून दिले, ते मी तसेच पिशवीत ठेवले. दंडारीच्या आधीची पंधरा मिनिटं आमची होती. मांडवात गोल धरून दहा-बारा नाचे उभे, मागं सगळं गाव, आणि अगदी पुढं हाताची घडी घालून बसलेला खेमराज.

सुरू झालं. लाभ, दोन, तीन, चार. पाचव्या घरात सूर बदलला तशी नाच्यांची पावलं उचलली गेली, माणसं शिट्ट्या मारू लागली आणि मामांना जोर चढला. तो जोर पाहूनच मी घाबरले. नऊ. दहा. अकरा. बाराव्या घरात मी आकडा दातांत धरला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. घर भरलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि ओठांवर मला स्पष्ट दिसलं, तेरा.

पुस्तकाप्रमाणे मी पहिल्या घरात जायला हवं होतं. मी बरोबर ठरले असते, आणि ढोलक एकीकडे, गिटार दुसरीकडे, मधे गोंधळलेले नाचे. खेमराज जागचा उठला होता. मी गेले नाही. बाराव्या घराचा सूर धरूनच बसले. तेरा, चौदा, पंधरा. काही घडत नव्हतं आणि मला ते सोसायचं होतं. सतरा. अठरा. एकोणीस. वीस चार वेळा म्हणून झालं, मामांनी डोळे उघडले आणि आम्ही दोघं एकदमच पहिल्यावर आलो. मांडवात जो गलका उठला, तो आमच्या मंडळाच्या वाट्याला कधीच आला नव्हता. मामांना आपली चूक तेव्हा कळली. त्यांनी जीभ चावली, आणि पुढची सगळी आवर्तनं बाराचीच झाली.

परतीच्या गाडीत खेमराज शिंगाडे सोलत बसला. शेवटी मीच विचारलं, "माझं काय ठरलं?"

तो खाली बघत म्हणाला, "ताई, खरं सांगतो. त्या दुसऱ्या पोराले मी परवाच हो म्हणून बसलो होतो. मंडईत तुमचं जमनार नाई, असंच वाटलं होतं."

मी काही बोलायच्या आत तो फोन घेऊन दारापाशी गेला. चाकांच्या आवाजात त्याचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. एरवी मी उठून मागे गेले असते, त्याच्या खांद्यावरून कान दिला असता. आज बसून राहिले.

तो आला. "नाई म्हटलं त्याले."

"काय म्हणाला?"

"काई नाई. त्यानं घरी सगळ्याइले सांगून टाकलं होतं म्हने."

मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ लाजही वाटली. त्या न पाहिलेल्या मुलाला आता घरी काय सांगावं लागेल ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण दोन दिवस मी तेच शब्द स्वतःसाठी जुळवत होते. खेमराजला मी म्हटलं, "त्याला तालमीला बोलाव. माझ्या शेजारी बसू दे." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोन काढला.

गोंदिया आलं. डब्यातली माणसं पिशव्या उचलून दाराशी दाटली. गाडी पुरती थांबेपर्यंत मी जागची हलले नाही. मला लहानपणापासून चालत्या गाडीतून उडी मारताना पाहिलेल्या साताऱ्याच्या माझ्या माणसांना हे सांगून पटायचं नाही.