निळे पाय
रॉकेलचा वास आला की तो पवित्र गुरुवार आठवतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून दरवर्षी त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात आणि आमच्या नवागामच्या चर्चमध्ये त्यांची यादी मीच करते. त्या वर्षी कापड रंगवणाऱ्या मिलमधल्या एका काकांचं नाव मी त्यांना न कळवताच खोडलं, कारण त्यांच्या निळ्या पायांनी पांढरे टॉवेल खराब झाले असते. संध्याकाळी ते रॉकेलने घासून लालबुंद झालेले पाय घेऊन दारात उभे. "ताई, थोडा निळा राहिलाच. चालेल ना?" "बारा झाले, काका." "बरं, मग टॉवेल तरी मी धरतो," म्हणत ते हसले. फादरांपुढे मी हे पाप केव्हाच कबूल केलं. 'काकांची माफी मागणे' मात्र माझ्या कामांच्या यादीत अजून पुढेच ढकलते आहे.