खुशाल बांतेची फिरती

शहापूरच्या खुशाल बांतेचा पाय घरात टिकत नसे. बाप धानाच्या बांधीत वाकलेला आणि हा हायवेवर उभा, ट्रकांची तोंडं कोणीकडे आहेत ते बघत. अठ्ठ्याहत्तर साली भंडाऱ्याच्या एका दुकानदाराने त्याला फिरतीचं काम दिलं, तेव्हा बापालाच हायसं वाटलं.

दुकानात रेकॉर्डीही होत्या आणि चहापत्तीही. खुशाल सायकलच्या कॅरिअरला बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेयर बांधायचा, हँडलला स्टोव्ह-किटलीची पिशवी अडकवायचा आणि जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरांत शिरायचा. फॅक्टरीची बस गेली की बायका दारात यायच्या. तो गाणं लावायचा, उकळत्या पाण्यात पत्ती टाकून झाकण ठेवायचा.

"गाणं सरेपर्यंत झाकण काढाचं नाही, बाई. पत्ती चांगली असली तं उकळा लागत नाही."

चहा ओतला की वास शेजारच्या दारापर्यंत जायचा. कोणी पत्ती घ्यायचं, कोणी रेकॉर्ड. सुलोचनाबाई दोन्ही घ्यायच्या.

चौथ्या वर्षी नवा माल आला. खुशालने चिमूटभर पत्ती ओल्या फडक्यावर चोळली, तर फडकं लालभडक.

"शेठजी, याच्यात रंग हाये."

"पुडा तोच आहे ना? गाणं जरा जोरात लाव," शेठ म्हणाला.

आठ दिवस त्याने तीच पत्ती विकली. एक दिवस सुलोचनाबाईंनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि तरीही नेहमीसारखा पुडा घेतला. त्या दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी विश्वास ठेवला, आणि तोच त्याला खात राहिला.

दुसऱ्या सकाळी तो प्लेयर न घेताच निघाला. "बाई, मागच्या हप्त्यातली पत्ती वापस द्या. रंगाची हाये."

"ठाऊक होतं तं विकली काहून?" सुलोचनाबाईंच्या शेजारच्या उषाबाईंनी विचारलं.

त्यांनी आणि आणखी एकीने दार लावून घेतलं. सुलोचनाबाईंनी पुडा आणून दिला. जमले तेवढे पुडे त्याने शेठच्या गादीसमोर ठेवले. काम त्याच दिवशी सुटलं.

मग रोवणीचा हंगाम त्याने चिखलात काढला. हात धानात, नजर रस्त्यावर. शेवटी बायको रुखमाच म्हणाली, "येथं कायले तडफडून राहिले? जा ना. पण आता तुमच्या नाकाले पटन तेच विका."

तो नागपूरला गेला, दहा दुकानांत पत्ती हुंगली आणि एकाच ठिकाणची घेतली. जवाहरनगरला पहिल्या महिन्यात चारच दारं उघडली, त्यातलं एक उषाबाईंचं. रेकॉर्डींचे दिवस तोवर सरत आले होते; घरोघरी टेपरेकॉर्डर वाजू लागले.

"गाणं नाही आनलं का, भाऊ?" एकीने विचारलं.

"नाही, बाई. आता नुसता चहाच हाये."

तिने पातेलं पुढे केलं. गाणं नव्हतं, म्हणून झाकण कधी काढायचं ते खुशाल मनातच मोजत राहिला. तिने घोट घेतला आणि आत जाऊन रिकामा डबा घेऊन आली. तो भरून देता देताच त्याला त्या दिवशीचा मोहाडीचा आठवडी बाजार गाठायचा आहे हे आठवलं, आणि तो घाईघाईने सायकलीवर टांग मारून निघाला.