कुसुमच्या वाट्याची भाकर

कुसुम सोमवारी गेली. बुधवारी चर्चच्या कमिटीने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला.

तो बंद पाकिटात द्यायचा, असं सांगितलं आहे. मी इथे फेसबुकवर देते आहे. तिला ओळखणारे बहुतेक सगळे इथेच आहेत, आणि चार दिवसांत प्रत्येकाने काहीतरी वेगळंच ऐकलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुसुम माझी संडे स्कूलपासूनची मैत्रीण. नर्स होती, रिटायर झाली होती. आम्हा दोघींचे बाप्तिस्मे एकाच चर्चमध्ये झाले, आणि तिथल्याच एका बाकावर बसून आम्ही म्हाताऱ्या झालो.

प्रार्थना लांबली की ती मला कोपर मारायची.

"देवाले ऐकू येते वं. हे रिपीट काहून करून राहिले?"

नवरा गेल्यावर ती मुलगा-सुनेकडे मनीषनगरला राहायला गेली. तिची सून शीतल तिथल्या एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या मंडळीत, जाते. भाड्याचा हॉल, गिटार, ड्रम, सगळं.

कुसुम रविवारी सकाळी आमच्याकडे यायची आणि संध्याकाळी सुनेबरोबर तिकडे जायची.

मी तिला टोकलं होतं. "कुसुम, काहीतरी एक ठरव."

"काहून? मंडळी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, हे तूच शिकवत होती ना पोट्टेलोकाईले? मंग शरीराले दोन पाय नसते काय?"

मला तेव्हा हसू आलं नाही. मला नियम आवडतात.

मग कॅन्सर निघाला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी शेवटी घरी न्यायला सांगितलं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं.

तिने एकच गोष्ट मागितली. प्रभुभोजन. प्रभू येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि प्याला.

आमच्यात आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन देतात. पाळकच, म्हणजे पास्टर, देतात. म्हणजे ती काही जगावेगळं मागत नव्हती.

मी आमच्या पाळकांना फोन केला.

"मॅडम, त्या आता तिकडे जातात ना? तिकडचे लोक देतील. आपण मध्ये गेलो तर बरं दिसणार नाही."

शीतलने तिकडची फेलोशिप चालवणाऱ्या ब्रदरना विचारलं.

"सिस्टर, त्यांचा लहानपणी पाणी शिंपडून झालाय. तो आम्ही बाप्तिस्मा धरत नाही. आधी पाण्यात उतरावं लागेल, मग भाकर."

शीतलने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा कुसुमच्या नाकात नळी होती.

"मले आता बुडवलं तर मी वर येत नाही, सांग त्यायले."

शीतल हसली आणि उठून किचनमध्ये गेली. आतला नळ बराच वेळ चालू होता.

मी पुन्हा फोन केला. पाळक म्हणाले, कमिटीसमोर विषय ठेवतो.

ते वाईट माणूस नाहीत. ब्रदरही वाईट नाहीत, त्यांच्याकडे तिच्यासाठी उपास-प्रार्थना चालू होती. दोघेही तिला व्हॉट्सॲपवर वचनं पाठवत होते.

आलं कोणीच नाही. प्रत्येकाला वाटलं, ती दुसऱ्याची आहे.

दर रविवारी उभं राहून आपण म्हणतो की मंडळी एक आहे. मी जन्मभर खणखणीत आवाजात म्हटलं. आता ते वाक्य आलं की मी ओठ मिटून उभी राहते.

शनिवारी दुपारी मी तिच्याजवळ बसले होते.

"येते काय वं कोणी?"

"पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे."

"मीटिंगपर्यंत मी नसन."

मी पांघरूण सारखं करत राहिले.

"मंग तू दे."

"मला अधिकार नाही, कुसुम."

"अधिकार कुठं मागून राहिली मी? भाकर मागून राहिली."

यानंतर काय झालं ते शेवटी लिहिलं आहे.

मंगळवारी दफनाला पाळक आणि ब्रदर दोघेही आले. पहिली प्रार्थना कोणी करायची यावरून कबरस्तानच्या फाटकातच सुरू झालं.

"त्या आमच्या मेंबर."

"शेवटी तर त्या आमच्यात होत्या."

शवपेटी मुलाच्या खांद्यावर, आणि हे चाललेलं.

तेव्हा शीतल बोलली. सासूसमोर कधी आवाज न चढवलेली मुलगी. "आईंना कोणी विचारलं नाही तेव्हा सुलभामावशींनी प्रभुभोजन दिलं. आता भांडू नका. चला आत."

मग दोघांनीही माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं.

माझं चुकलं, यावर दोन्ही मंडळ्यांचं एकमत आहे. माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच.

तर खुलासा.

मी अभिषिक्त पाळक नाही. मला अधिकार नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. कमिटी जी शिस्त लावेल ती मी पाळेन. मंडळीला शिस्त हवीच, असं मी आजही म्हणते.

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. मी तिला दिलं ते प्रभुभोजन होतं, की मरणाऱ्या मैत्रिणीची काढलेली समजूत? मी रोज विचारते. उत्तर मिळालेलं नाही. कमिटीला ते ठाऊक असेल तर कृपया मलाही लेखी कळवावं.

कुसुम, प्रभूच्या हाती तुला सोपवते. विसावा घे.

काय दिलं, त्याची नोंद:

शीतलने सकाळी केलेली एक पोळी. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून काढलेला रस, स्टीलच्या वाटीत.

पोळीचा तुकडा मोडून मी कुसुमच्या हातात दिला. त्यातला कणभर तिने तोंडात ठेवला. रस चमच्याने पाजला.

हातात राहिलेला तुकडा तिने मोडला. वेळ लागला. एक भाग शीतलला दिला.

एक मला दिला. मी घेतला.